नळ गावाचा, नदी राज्याची, पैसा दिल्लीचा

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली, तेव्हा ती सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि एकेका वाघिणीत साधारण पन्नास हजार लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या. कौतुक ओसरायच्या आत मे महिन्यात लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एक कागद पोचला. मध्य रेल्वेचं बिल, सुमारे चार कोटी रुपये. त्यावर गदारोळ झाला. रेल्वेने सांगितलं, जिल्हा प्रशासनानेच खर्चाचा आकडा मागितला होता, म्हणून पाठवला.

बिल चूक की बरोबर, हा वाद बाजूला ठेवू. त्या कागदावर कोण कोण आलं ते बघा. पाणी कृष्णेचं, आणि कृष्णा एकापेक्षा जास्त राज्यांतून वाहणारी. त्या पाण्याचा हिशेब राज्याच्या जलसंपदा खात्याकडे. वाघिणी केंद्र सरकारच्या रेल्वेच्या. तहान लागलेलं शहर महानगरपालिकेचं. आणि बिल गेलं जिल्हाधिकाऱ्याकडे, म्हणजे महानगरपालिकेकडे नाही, तर राज्याच्या अधिकाऱ्याकडे. पाणी पाजणं ही नक्की कोणाची जबाबदारी, याचं एका ओळीत उत्तर आपल्या कायद्यात नाही. तुकड्यातुकड्यांत मात्र आहे, आणि सांगली-साताऱ्यात बसून ते तुकडे जोडायला सोपे जातात, कारण जवळजवळ प्रत्येक तुकड्याचं उदाहरण याच दोन जिल्ह्यांत सापडतं.

सुरुवात राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीपासून. कोणत्या विषयावर कायदा कोणी करायचा, याच्या तिथे तीन याद्या आहेत. पाणी राज्य सूचीत येतं, नोंद क्रमांक १७. पाणीपुरवठा, पाटबंधारे, कालवे, निचरा, बांध, साठवण, जलविद्युत, सगळं त्या एका नोंदीत. ही वाटणी काही १९५० साली नव्याने सुचलेली नव्हे. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यातही पाणी प्रांतांकडेच होतं. पण नोंद १७ ला एक दोरी बांधलेली आहे. ती केंद्र सूचीतल्या नोंद ५६ ला अधीन आहे, आणि नोंद ५६ म्हणते की आंतरराज्य नद्यांचं नियमन आणि विकास संसद कायदा करून आपल्या हाती घेऊ शकते, लोकहितासाठी जितकं गरजेचं वाटेल तितकंच.

संसदेने ही दोरी फारशी ओढलेली नाही. १९५६ साली नदी मंडळ कायदा केला, पण त्याखाली आजवर एकही नदी मंडळ उभं राहिलं नाही. त्याच वर्षी आंतरराज्य जलविवाद कायदा आला. तो चालला, त्याच्याकडे पुढे येऊच. अलीकडचं उदाहरण २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याचं. त्यामुळे आता अशी गंमत आहे की कोयना, धोम, वारणा यांच्या भिंतींची तपासणी केंद्राच्या कायद्याने होते आणि भिंतीमागच्या पाण्याचं आवर्तन कधी सोडायचं हे राज्य ठरवतं.

मग आपली ग्रामपंचायत आणि नगरपालिका यात कुठे बसतात? मूळ घटनेत या संस्थांचा पाण्याशी थेट संबंध नव्हता. १९९२ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ मध्ये ती लागू झाली, आणि दोन नव्या अनुसूच्या जोडल्या गेल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय, त्यांत पिण्याचं पाणी. बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय, त्यांत घरगुती, औद्योगिक आणि व्यापारी वापरासाठीचा पाणीपुरवठा. एवढं वाचून माणसाला वाटतं, चला, पाणी गावाच्या ताब्यात आलं. पण याद्यांमागची कलमं वाचली की उत्साह ओसरतो. राज्याचं विधिमंडळ हे अधिकार कायद्याने देऊ शकेल, अशी तिथली भाषा आहे. ‘दिले पाहिजेत’ असं कुठे लिहिलेलं नाही. स्वयंपाकघर सुनेच्या हाती सोपवलं, पण कोठीची किल्ली सासूच्या कमरेला, असा हा कारभार.

महाराष्ट्राबाबत एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. स्थानिक संस्थांवर पाण्याचं कर्तव्य टाकायला आपलं राज्य घटनादुरुस्तीपर्यंत थांबलं नव्हतं. महानगरपालिकांचा १९४९ चा कायदा, ग्रामपंचायतींचा १९५८ चा, जिल्हा परिषदांचा १९६१ चा, नगरपालिकांचा १९६५ चा, या सगळ्यांत पाणीपुरवठा आहे. शहरांसाठी तर तो आवश्यक कर्तव्यांत मोडतो, म्हणजे ऐच्छिक नाही. ग्रामपंचायतीला पाणीपट्टी बसवायचा अधिकारही जुनाच. कर्तव्य आहे, पट्टी बसवायचा हक्क आहे. योजना बांधायला लागणारे कोट्यवधी रुपये आणि अभियंते मात्र कधीच नव्हते. ती पोकळी भरायला राज्याने १९७६ च्या कायद्याने एक वेगळं मंडळ उभं केलं, ज्याला आज आपण महाराष्ट्र जीवन प्राधिकरण म्हणतो. योजना प्राधिकरणाने आखायची, बांधायची आणि तयार झाल्यावर स्थानिक संस्थेच्या हवाली करायची, अशी मूळ कल्पना. काही ठिकाणी हवाली करणं झालं, काही ठिकाणी प्राधिकरणच पाणी पाजत बसलं.

सातारा शहर हे याचं चालतंबोलतं उदाहरण. पालिका कासच्या तलावातून आणि उरमोडीवरच्या शहापूर योजनेतून पाणी देते. शहराच्या काही भागाला आणि उपनगरांना मात्र प्राधिकरणाचं पाणी येतं, कृष्णेचं. २०२० साली हद्दवाढ झाली, शाहूपुरीसारखा भाग पालिकेत आला, पण हद्द वाढली म्हणून पाइपलाइनची मालकी आपोआप बदलत नाही. घरपट्टी एका कचेरीत, पाण्याचं बिल दुसऱ्या. नळ कोरडा पडला की नगरसेवकाला फोन करणाऱ्याला तो ‘ते प्राधिकरणाकडे’ म्हणतो, आणि त्याचं उत्तर कायद्याने खरंच असतं. कासचं आणखी एक. असल्या तलावाची भिंत उंच करायची तर बुडिताखाली वनजमीन येते, आणि वनजमीन म्हटली की केंद्राचा १९८० चा वनसंवर्धन कायदा दारात उभा. जंगल १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनीही कायदा करावा असा तो विषय. नगरपालिकेच्या तलावाला दिल्लीची परवानगी का लागते, याचं कारण तिथे आहे.

आता पैसा

दिल्लीला गावाच्या पाणीपुरवठ्यावर आपणहून कायदा करता येत नाही, पण पैसे देता येतात. घटनेचं कलम २८२ सांगतं की कोणत्याही सार्वजनिक कामासाठी केंद्र अनुदान देऊ शकतं, मग तो विषय केंद्राच्या यादीत नसला तरी चालेल. पिण्याच्या पाण्यातला केंद्राचा बराचसा शिरकाव या दरवाजाने झालेला आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेलं जलजीवन मिशन त्याचं सर्वांत मोठं रूप. प्रत्येक ग्रामीण घराला नळ, माणशी रोज ५५ लिटर. महाराष्ट्रासारख्या राज्यात खर्च निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. गावातल्या कामाच्या दहा टक्के वाटा गावाचा, डोंगरी भागात आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत पाच टक्के.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जलजीवन मिशन हा कायदा नाही. ते मार्गदर्शक सूचनांचं एक पुस्तक आहे आणि सोबत पैशांची तरतूद. ‘मला ५५ लिटर मिळालं नाही’ म्हणून त्याखाली न्यायालयात जाता येईल असं एकही कलम त्यात नाही, कारण कलमंच नाहीत. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात सांगितलं, पण ते तत्त्व झालं, किती लिटर आणि कोणी द्यायचं हे त्यात नाही. आणि योजना असल्यामुळे तिची मुदत संपते. मूळ मुदत २०२४ ची. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं, पण मधल्या काळात केंद्राचा हप्ता रोडावला आणि राज्यभर ठेकेदारांची बिलं अडकली. सांगली-साताऱ्यातल्या कितीतरी गावांत टाकी उभी, पाइप पुरलेले आणि जोडणी राहिलेली, हे दृश्य त्यातलंच. गावकरी सरपंचाला बोल लावतात. सरपंचाच्या हातात त्या वेळी काहीच नसतं.

सरपंचाच्या हातात येतं ते योजना पूर्ण झाल्यावर, आणि माझ्या मते या सगळ्या रचनेतली खरी खोच तिथेच आहे. बांधायला तीन सरकारं असतात, चालवायला एकच ग्रामपंचायत. मोटार जळली, व्हॉल्व्ह गळतोय, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर संपली, पाणी सोडणाऱ्याचा पगार थकला, हे सगळं पाणीपट्टीतून भागवायचं. सर्वांत जड पडतं वीजबिल. नदीकाठच्या गावाचं एक वेळ निभतं. पण खटाव, माण, आटपाडी, जतकडे उद्भव, म्हणजे पाणी उचलायची जागा, लांब आणि उंची जास्त, म्हणजे पंप मोठा आणि बिलही मोठं. वीज समवर्ती सूचीत आहे, २००३ चा वीज कायदा केंद्राचा, दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. पाणी उपसण्याच्या खर्चातल्या या सगळ्यांत मोठ्या आकड्यावर ग्रामपंचायतीची कसलीच सत्ता चालत नाही. बिल थकलं की जोडणी तुटते आणि गावाच्या लेखी उरतं ते एवढंच, की ‘ग्रामपंचायतीने पाणी बंद केलं’.

वित्त आयोगाचा निधी पंचायतींच्या खात्यावर येतो, त्यामुळे त्यावर सगळ्यांची नजर. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण संस्थांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के ‘बंधित’ ठेवले: निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पुनर्वापर यांसाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. पैसा केंद्राचा, अट केंद्राची. २०२१ मध्ये राज्याच्या ग्रामविकास विभागाने या आयोगाच्या निधीतून पाणीयोजनांची आणि पथदिव्यांची वीजबिलं भरायला सांगितलं, तेव्हा सरपंच मंडळी भडकली. त्यांचं म्हणणं असं की विकासासाठी आलेला पैसा महावितरणच्या थकबाकीत का घालायचा. दुसरी बाजूही पोकळ नव्हती: पाणी उपसायची वीज हा पाण्याचाच खर्च नाही का? माझा कौल सरपंचांकडे झुकतो, एका कारणासाठी. निर्णय त्यांनी घेतलेला नव्हता.

शेतीच्या उपसा योजनांचा हिशेब बघा म्हणजे फरक कळेल. टेंभू, ताकारी, म्हैसाळ यांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने उचलायचा आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी, अशी विभागणी राज्याने करून टाकली. पाणी शेतात गेलं की तोटा राज्याचा, घरात आलं की ग्रामपंचायतीचा. शेतीचं पाणी स्वस्त नको असं मला म्हणायचं नाही. पिण्याच्या पाण्यासाठी कोणी असं सूत्र का बसवलं नाही, एवढंच विचारायचंय.

नदीतून उचललेलं पाणीही फुकट नसतं. शहर किंवा गाव नदीतून जे घेतं त्याचं आरक्षण जलसंपदा खात्याकडे असावं लागतं आणि त्याची पट्टी त्या खात्याला भरावी लागते. ठोक दर ठरवायला २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण नेमलेलं आहे. म्हणजे आपण पालिकेला पट्टी देतो आणि पालिका राज्याला.

शेरीनाला आणि तीन कायदे

प्रदूषणाच्या कायद्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण केंद्र आणि राज्य मिळून कायदा कसा करतात याचा तो अस्सल नमुना आहे. पाणी राज्याचा विषय. मग १९७४ चा जल प्रदूषण प्रतिबंध कायदा संसदेने केला कसा? कलम २५२ वापरून. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून ‘आमच्या वतीने तुम्ही कायदा करा’ असं सांगितलं, तर संसद राज्य सूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते. तो लागू फक्त त्या राज्यांना. बाकीच्यांनी हवा तर ठराव करून मागाहून स्वीकारावा. महाराष्ट्र पहिल्या यादीत नव्हता, आणि त्याचं कारण अभिमानाचं आहे. आपला स्वतःचा जल प्रदूषण कायदा १९६९ सालीच झाला होता आणि सप्टेंबर १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही उभं राहिलं होतं. केंद्राचा कायदा आपण १९८१ मध्ये स्वीकारला. या वाटेची एक अट अशी की एकदा स्वीकारल्यावर राज्याला तो कायदा स्वतः बदलता येत नाही. दुरुस्तीही संसदेनेच करायची, पुन्हा राज्यांच्या ठरावांवर. म्हणून २०२४ ची दुरुस्ती, जिने बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून दंड आणला, ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरती लागू झाली.

आता सांगलीत या. शेरीनाला म्हणजे काय हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. शहराचं सांडपाणी त्या नाल्याने कृष्णेत जातं. सांडपाण्याची व्यवस्था ही १९४९ च्या कायद्याने महापालिकेची जबाबदारी. ती झाली नाही तर १९७४ च्या कायद्याने प्रदूषण मंडळाची नोटीस. एका शासकीय संस्थेने दुसरीला दंड करायचा, आणि तो भरायचा करदात्याच्या पैशातून. तिसरा कायदा मात्र फार थोड्यांना आठवतो, १९५६ चा जलविवाद कायदा. त्याखाली १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ मध्ये कृष्णेचं २,०६० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी वाटलं: महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००. या वाटपात एक नियम आहे. शहरांनी नदीतून जेवढं पाणी उचललं त्याच्या फक्त २० टक्केच ‘वापर’ म्हणून त्या राज्याच्या खात्यावर लिहायचं. का? तर उरलेलं नदीत परत येतं असं धरलेलं आहे.

म्हणजे सांगलीने शंभर लिटर उचलले तर महाराष्ट्राच्या ५६० टीएमसीतून वीसच वजा. उरलेले ऐंशी कुठल्या रूपात परत जातात याबद्दल ही वजाबाकी काही विचारत नाही. नदीच्या खात्याला लिटर समजतात, घाण समजत नाही. ती समजायची ती प्रदूषण मंडळाला, आणि त्याच्या कायद्यात टीएमसीचा हिशेब नाही. तेच पाणी पुढे हरिपूर, अंकली, नरसोबाच्या वाडीवरून कर्नाटकात जातं. दुसरा लवाद न्या. ब्रिजेशकुमार यांचा, त्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयातल्या वादामुळे राजपत्रात न आल्याने कृष्णेचं वाटप वर्षानुवर्षे १९७३ च्या आकड्यांवरच चालत आलं.

राज्यांच्या सीमेचा प्रश्न निघालाच आहे तर जत. पूर्व भागातल्या गावांना शेजारी कर्नाटकात पाणी खेळताना दिसतं आणि इथे टँकर. २०१२ मध्ये काही गावांनी कर्नाटकात जायचे ठराव केले, २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी ते उकरून काढले, आणि महाराष्ट्राने विस्तारित म्हैसाळ योजनेची घाई केली. ग्रामपंचायतीला शेजारच्या राज्याशी पाण्याचा करार करायची सोय कुठल्याच कायद्यात नाही. ठराव एवढंच हत्यार तिच्याकडे होतं.

जमिनीखालचं पाणी आणखी वेगळ्या खणात आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून ते जमीनमालकाचं समजलं जातं. राज्याने १९९३ मध्ये सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणायला आडकाठी केली, आणि २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर लगाम घातला. तासगाव, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात बोअर किती फुटांवर गेलेत हे विचारा आणि मग हा कायदा वाचा.

आणि बाटली. बाटलीबंद पाणी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘अन्न’ आहे. केंद्राचा कायदा, परवाना, तपासणी, शिक्षा. नळाच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस १०५००, पण नळयोजनांना ते कायद्याने सक्तीचं नाही. एकाच नदीचं पाणी बाटलीत गेलं तर केंद्राचं, नळात आलं तर आपल्या नशिबाचं.

शेवटचा तुकडा लोकप्रतिनिधींचा. घटनेने स्थानिक संस्थांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, सांगली महापालिकेची २०२३ मध्ये. त्यानंतर राज्याने नेमलेले प्रशासक आले. निवडणुका घ्या असं सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये बजावावं लागलं. जलजीवनची कामं ऐन भरात होती तो सगळा काळ जिल्हा परिषदेत प्रश्न विचारायला निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. मला हे वीजबिलापेक्षाही गंभीर वाटतं.

तर तक्रार न्यायची कुठे? गावात पाणी आठवड्यातून एकदाच सुटतंय तर ग्रामपंचायत आणि तिची पाणीपुरवठा समिती. योजनाच अर्धवट असेल तर जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, मोठ्या प्रादेशिक योजनेत जीवन प्राधिकरण. नदीच कोरडी पडली तर जलसंपदा. नदी काळी झाली, मासे मेले तर प्रदूषण मंडळ. टँकर हवा तर ठराव करून तहसील. ग्रामसभेत दोन कागद जरूर मागावेत: योजना ग्रामपंचायतीकडे रीतसर हस्तांतरित झाली का, आणि उद्भवाच्या पाण्याचं आरक्षण कोणाच्या नावावर आहे. पहिल्या कागदाशिवाय दुरुस्तीचा खर्च कोणाचा हे ठरत नाही, दुसऱ्याशिवाय उन्हाळ्यात पाणी मागायचा आधार राहत नाही. दिल्लीच्या जलशक्ती मंत्रालयाला लिहायलाही हरकत नाही. पाणी राज्याचा विषय असल्यामुळे तो अर्ज बहुधा मुंबईमार्गे जिल्हा परिषदेच्या त्याच टेबलावर उतरतो.